इंजिन ऐकू येतं, टॉवर येत नाही: सिम्युलेटरमधल्या हेडसेटची रोजची रड

रात्रीचे साडेनऊ. मुंबई विमानतळाच्या स्टँडवर माझं ए-३२० उभं, फ्लाइट प्लॅन भरलेला, आणि व्हॅटसिमवर (घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्या हौशींचं ऑनलाइन जाळं, जिथे कंट्रोलरही हौशी माणसंच असतात) मुंबईचा ग्राउंड कंट्रोलर चक्क जागेवर. हे भाग्य रोजचं नाही. मी पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबून पुशबॅक, म्हणजे विमान मागे ढकलायची परवानगी, मागितला. उत्तर नाही. पुन्हा मागितला. तिसऱ्या खेपेला पडद्यावर मजकूर आला की रेडिओची नुसती खरखर पोचतेय, शब्द एकही नाही, माइक बघा. आदल्याच रात्री याच हेडसेटवर, याच विमानातून मी व्यवस्थित बोलत गोव्याला गेलो होतो. आणि मधल्या काळात कशालाही हात लावला नव्हता.

म्हणजे मला तसं वाटत होतं. दुपारी बायकोने ऑफिसच्या मीटिंगसाठी हेडसेट नेला होता. संध्याकाळी तो परत जोडताना मी वाकून बघायचा कंटाळा केला आणि हाताला लागला त्या यूएसबी पोर्टात खुपसला. कालच्या शेजारच्या. एवढ्यावर माझा रेडिओ गेला.

‘काल चालत होतं, आज नाही’ ही तक्रार आली की आपण सगळे आधी एकच उद्योग करतो: सिम्युलेटरच्या साउंड पानावर जाऊन होत्या नव्हत्या तेवढ्या पट्ट्या उजवीकडे ओढतो. त्याने आवाज परत येत नाही, आणि तासाभराने दुसऱ्याच कुठल्या कारणाने आला तर कानठळ्या बसतात. आवाज किती मोठा हे नंतर बघू. आधी तो जातोय कुठे ते शोधायचं.

कोण कुठे बोट दाखवतंय

आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे सोडायचा, हे तीन जण आपापलं ठरवतात: विंडोज, सिम्युलेटर, आणि ऑनलाइन उडत असाल तर रेडिओचा प्रोग्रॅम (मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला व्हीपायलट, एक्स-प्लेनला एक्सपायलट). तिघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. त्यात विंडोजकडेच दोन खुर्च्या आहेत, एक ‘डिफॉल्ट डिव्हाइस’ची (नेहमीच्या आवाजांसाठी) आणि एक ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ची (बोलण्यासाठी). पहिल्या खुर्चीवर हेडसेट बसलेला आणि दुसरीवर मॉनिटर, असं झालं की मथळ्यातली गंमत होते: इंजिन एकीकडे, टॉवर दुसरीकडे.

विंडोजचं नवं साउंड पान दिसायला छान आहे, पण या कामाला जुनी खिडकीच बरी. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल एवढं इंग्रजीत टाइप करा. प्लेबॅक, रेकॉर्डिंग, साउंड्स आणि कम्युनिकेशन्स असे चार टॅब उघडतील. प्लेबॅकमध्ये हिरवी टिक कुणापुढे आहे आणि हिरवा फोनचा रिसीव्हर कुणापुढे, ते बघा. मग रेकॉर्डिंगवर जाऊन ‘हॅलो हॅलो’ करा. ज्या माइकसमोरची हिरवी पट्टी हलेल तो जिवंत. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि तिला सिम्युलेटर चालू लागत नाही. पट्टी हलत असेल तर हेडसेट, वायर आणि पोर्ट सुटले, दोष वरच्या मजल्यावर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये. हलत नसेल तर सिम्युलेटरमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

माझ्या बाबतीत पट्टी हलत होती, पण हिरवी टिक मात्र वेबकॅमच्या माइकपुढे. तो मीच कधीतरी म्यूट करून ठेवला होता. व्हीपायलटला मी ‘जो डिफॉल्ट असेल तो’ असं सांगितलेलं, त्यामुळे तो बिचारा इमानेइतबारे मुक्या माइकची शांतता मुंबई ग्राउंडला पाठवत होता.

हे पोर्ट प्रकरण नीट समजून घ्या, कारण परत परत येणारा आजार हाच. बऱ्याच यूएसबी हेडसेटना आणि ऑडिओ डोंगलना स्वतःचा अनुक्रमांक नसतो. पोर्ट बदललं की विंडोजला तो नवाच पाहुणा वाटतो, आणि यादीत त्याच नावापुढे ‘२-’ लागून दुसरी नोंद उगवते. सिम्युलेटरने आणि रेडिओच्या प्रोग्रॅमने मात्र जुनीच नोंद लक्षात ठेवलेली असते. पुढच्या वेळी ‘३-’. उपाय घरगुती आहे: हेडसेटचं पोर्ट एकदा ठरवा आणि त्याच्या शेजारी खूण करा. मी टिकली लावली आहे, लाल. शिवाय त्या जुन्या खिडकीत डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नाव बदलता येतं. ‘विमानाचा हेडसेट’ असं नाव दिलंत की यादीतल्या पाच सारख्या नावांत डोळे फोडावे लागत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला की मॉनिटरच्या एचडीएमआयचा आवाज हळूच डिफॉल्ट होऊन बसतो, तेही याच जातीचं. मॉनिटरला स्पीकरच नसतील तर तुम्हाला वाटणार सगळंच गेलं. जे कधीच वापरत नाही त्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’. यादीत जितके कमी, तितकी झोप चांगली.

आणखी एक. कित्येक प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच डिव्हाइस विचारतात आणि मग त्यालाच धरून बसतात. म्हणून आधी हेडसेट जोडायचा, मग सिम्युलेटर उघडायचा. व्हीआर वापरणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण गॉगल जोडला की त्याचे स्पीकर आणि माइकही यादीत येतात.

टॉवर बोलला की इंजिन मरतं

लक्षण असं: उड्डाण छान चाललंय, रेडिओ जोडला किंवा कंट्रोलरने तोंड उघडलं की इंजिनाचा आवाज एकदम बसतो, जणू दोन्ही इंजिनं आयडलवर आणली. पहिल्यांदा मी थ्रॉटलच तपासला होता.

हे विंडोज करतं, आणि चांगल्या हेतूने करतं. त्याला वाटतं तुम्हाला फोन आलाय, तेव्हा गाणी जरा हळू करू. जुन्या खिडकीतल्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये चार पर्याय आहेत: बाकी आवाज बंद करा, ८० टक्के कमी करा, ५० टक्के कमी करा, काहीच करू नका. मुळात ८० टक्क्यांवर टिक असते. ती शेवटच्या ‘डू नथिंग’वर न्या आणि सिम्युलेटर बंद करून पुन्हा उघडा. तरी आवाज बसलेलाच राहिला तर व्हॉल्यूम मिक्सर उघडून सिम्युलेटरची स्वतंत्र पट्टी बघा. ती खाली अडकून राहिलेली असू शकते.

याचा चुलतभाऊ म्हणजे खिडकी बदलली की आवाज बंद होणं. चार्ट बघायला ब्राउझरवर गेलात आणि कॉकपिट शांत झालं, तर ते बिघाड नाही. खिडकी मागे गेल्यावर आवाज बंद करायचा की नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये साउंडच्या पानावरच ठरवता येतं. तिथेच ‘हेडफोन सिम्युलेशन’ नावाचं बटण आहे. ते चालू असेल तर खऱ्या वैमानिकाने कानावर हेडसेट चढवल्यावर इंजिन जसं दबकं ऐकू येईल तसं ऐकू येतं. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये तेच काम ‘हिअर लाइक इन हेल्मेट’ करतं. कोणीतरी हौसेने चालू करतं, विसरतं, आणि मग महिनाभर नवा हेडसेट घ्यायच्या गप्पा.

डीसीएसची एक सोय मात्र मला फार आवडते. तिथे मुख्य आवाजाचं डिव्हाइस वेगळं आणि हेडफोनचं वेगळं निवडता येतं. इंजिन खोलीतल्या स्पीकरवर, रेडिओ कानात. घरात बाकी कोणी झोपलेलं नसेल तेव्हा करून बघा.

ब्लूटूथचं दुखणं

गाण्यांना झकास वाजणारा ब्लूटूथ हेडफोन सिम्युलेटरमध्ये अचानक जुन्या एसटीडी बूथसारखा का वाजतो, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. ब्लूटूथला आवाजाच्या दोन वाटा आहेत. एक ए-टू-डी-पी: स्टिरिओ, भरदार, पण एकेरी, फक्त कानाकडे येणारी. दुसरी एच-एफ-पी, म्हणजे हँड्स-फ्री: येणारी-जाणारी दोन्ही, पण मोनो आणि अरुंद. मूळ हँड्स-फ्रीत आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० घेतले जात. २०११ साली आलेल्या १.६ आवृत्तीने ते १६,००० पर्यंत नेले. गाण्याच्या सीडीला ४४,१०० असतात, यावरून अंदाज करा.

कुठल्याही प्रोग्रॅमने हेडसेटचा माइक उघडला की जोडणी पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाते. व्हीपायलट सुरू केलात, माइक उघडला, इंजिनाचा टिनाचा डबा झाला. गंमत म्हणजे रेडिओला त्याने फारसा फरक पडत नाही. खऱ्या विमानाचा व्हीएचएफ रेडिओही एएमच आणि अरुंद, त्यामुळे टॉवर उलट जास्त खरा वाटतो. बळी जातो तो इंजिनाचा आणि वाऱ्याचा.

इलाज: कान ब्लूटूथवर ठेवा आणि माइक दुसरा घ्या. साधा यूएसबी माइक, नाहीतर वेबकॅमचा. रेडिओच्या प्रोग्रॅममध्ये तो नाव घेऊन निवडा, ‘डिफॉल्ट’वर सोडू नका. रेकॉर्डिंग टॅबमध्ये ब्लूटूथ हेडसेटचा माइक डिसेबल करून टाका, म्हणजे चुकूनही कोणी उघडणार नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या स्वतःच्या डोंगलवर चालणारे बिनतारी हेडसेट वेगळे, त्यांना हा त्रास नाही. ब्लूटूथ एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण सुटते, पण त्यासाठी हेडसेट आणि कॉम्प्युटर दोघांनाही ती यावी लागते.

उशीर ही दुसरी गोष्ट. ब्लूटूथवर आवाज थोडा मागून येतो. चाकं टेकलेली दिसतात आणि ‘धप्’ नंतर ऐकू येतं. उतरताना ते खटकतंच.

सगळं बरोबर, पण कॉकपिटमध्ये

एका मुलाबरोबर मी दोन तास घालवले. विंडोज बरोबर, सिम्युलेटर बरोबर, व्हीपायलट बरोबर. शेवटी त्याच्या सेसना १७२ चं ऑडिओ पॅनल बघितलं, तर कॉम १ चं, म्हणजे बोलायच्या पहिल्या रेडिओचं, बटण दाबलेलंच नव्हतं. विमानातही आवाजाची वाट असते: बॅटरी मास्टर, ॲव्हिऑनिक्स मास्टर (रेडिओ-उपकरणांचा मुख्य स्विच), ऑडिओ पॅनलवर कुठला रेडिओ ऐकायचा आणि कुठल्यावर बोलायचं ही दोन वेगळी बटणं, आणि रेडिओची स्वतःची व्हॉल्यूमची खुंटी. तपशीलवार बनवलेल्या विमानांत यातलं प्रत्येक बटण खरोखर काम करतं. माऊसचं चाक चुकून त्या खुंटीवर फिरलं की रेडिओ शून्यावर.

उलटी तक्रारही येते: कानात सतत काहीतरी ‘टूं टीं टीं टीं’ वाजतंय, हेडसेट बिघडला का? नाही हो. तो व्हीओआर, म्हणजे विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन, आपली ओळख मोर्समध्ये सांगतोय. मुंबईचा बी-बी-बी म्हणतो, एक लांब तीन आखूड, असं तीनदा. ऑडिओ पॅनलवरचं नॅव्ह (दिशा) किंवा डीएमईचं (अंतर) बटण सोडवा, बंद होईल. पण सोडवण्याआधी एकदा ऐका. बरोबर स्टेशन लागलंय हे पडताळायची पद्धत तीच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचा स्वतःचा एटीसीच (प्रोग्रॅमनेच बोलणारा कंट्रोलर) मुका झाला असेल तर त्याचा आवाज कुठून येतो ते बघा. तो इंटरनेटवरच्या अझूर सेवेतून येऊ शकतो किंवा विंडोजच्या ऑफलाइन आवाजातून. नेट डळमळत असेल तर ऑफलाइनवर आणा. आवाज रोबोसारखा येईल, पण येईल.

माइकची बाजू

दहा सेकंदांच्या परीक्षेत हिरवी पट्टी हललीच नाही, तर आधी विंडोजच्या प्रायव्हसीच्या पानावर मायक्रोफोनमध्ये डेस्कटॉप ॲप्सना परवानगी आहे का बघा. मग वायर. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवरच्या काळ्या रिंगा मोजा. तीन असतील तर पिनेत माइकही आहे, दोन असतील तर फक्त कान. दोन रिंगांची ऑक्स केबल मध्ये जोडून माइक लांबवणारे मी पाहिलेत. तो माइक कधीच पोचणार नाही. डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, तिथे तीन रिंगांच्या पिनेला दोन शेपट्यांचा स्प्लिटर लागतो.

माइक पोचतोय पण पहिलं अक्षर गिळलं जातंय, ‘मुंबई टॉवर’चं ‘बई टॉवर’ होतंय, तर बहुधा आवाज गाळणारी एखादी सोय जास्त उत्साहात आहे. विंडोजचे एन्हान्समेंट्स आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं नॉइज सप्रेशन बंद करून बघा. आणि पीटीटी दाबल्यावर क्षणभर थांबून बोला. खऱ्या रेडिओवरही हेच शिकवतात. पातळी ठरवताना व्हीपायलटची पट्टी हिरव्यात ठेवा. माइक बूस्ट २० डेसिबलवर नेऊन बोलणाऱ्यांचा पंखाही टॉवरला ऐकू येतो.

पीटीटी दाबूनही काही होत नसेल आणि सिम्युलेटर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल, तर रेडिओचा प्रोग्रॅमही तसाच चालवा. नाहीतर सिम्युलेटरची खिडकी पुढे असताना कीबोर्डची कळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. जॉयस्टिकचं बटण पीटीटीला दिलंत तर ही भानगड नाही. फक्त ते दाबून सोडायचं बटण असू द्या, अडकून राहणारा स्विच नको. मी एकदा तो नको तो स्विच दिला होता. आमच्या कुकरच्या तीन शिट्या आणि ‘पानं घेतलीत’ ही हाक अख्ख्या फ्रीक्वेन्सीने ऐकली. माइक असा अडकला की त्या फ्रीक्वेन्सीवर दुसरं कोणी धड बोलू शकत नाही, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

स्वतःचा आवाज कानात यावा म्हणून विंडोजचं ‘लिसन टु धिस डिव्हाइस’ चालू करू नका. तो आवाज किंचित उशिरा येतो आणि चांगला बोलणारा माणूस तोतरा होतो. हवाच असेल तर हार्डवेअरमध्ये साइडटोन असलेला हेडसेट घ्या.

आणि फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्यांसाठी: तुमचा खरा एव्हिएशन हेडसेट, त्या दोन जाड पिनांचा, कॉम्प्युटरला नुसती पिन बदलून जोडू नका. त्याच्या माइकला लागणारं व्होल्टेज आणि कानांचा इंपीडन्स दोन्ही वेगळे. त्यासाठी खास यूएसबी ॲडाप्टर मिळतात.

तडतड आणि गुणगुण

तडतड, म्हणजे आवाज फुटणं, बहुतेक वेळा कॉम्प्युटर दमल्याचं लक्षण आहे. मोठ्या विमानतळावर फुटतो आणि समुद्रावर फुटत नाही, तर हेडसेट निर्दोष. फ्रेम रेटला मर्यादा घाला, हेडसेट हबमधून काढून थेट पोर्टात लावा, आणि प्लेबॅक व रेकॉर्डिंग दोन्हींचा सॅम्पल रेट ४८,००० हर्ट्झवर आणा. लांबच्या उड्डाणात तास-दोन तासांनी हेडसेट झोपून जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा.

गुणगुण मात्र विजेची असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगचा, आणि आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये तो नवलाचा नाही. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर उडताना तर हमखास येते. ३.५ मिलिमीटरच्या जॅकऐवजी यूएसबी हेडसेट वापरला की बऱ्याचदा पुरतं.

दुरुस्ती चालू असताना कंट्रोलरला ताटकळत ठेवू नका. ऐकू येतंय पण बोलता येत नाही, तर व्हॅटसिमच्या फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात तसा संकेत देता येतो: व्हीऐवजी (व्हॉइस) आर (रिसीव्ह). दोन्ही नसेल तर टी (टेक्स्ट). मग मजकुरावर उडा, कोणी नावं ठेवत नाही. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७६००, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा संकेत, टाकायची घाई स्टँडवर बसून करू नये.

मी त्या रात्री हेडसेट टिकलीच्या पोर्टात परत लावला (टिकली तेव्हाच लागली), व्हीपायलट बंद करून उघडला, पट्टी हिरव्यात आली. हे सगळं होईपर्यंत मुंबई ग्राउंड घरी गेला होता. मग १२२.८ वर (कंट्रोलर नसताना आपली हालचाल जाहीर करायची फ्रीक्वेन्सी), अत्यंत स्पष्ट आवाजात, कोणीही ऐकत नसताना, मी स्वतःचा पुशबॅक जाहीर केला.